एक भिंत पडलेली विहीर

मित्रांनो, मी बिंडा आहे. जुना म्हणा, मोडका म्हणा, दोन्ही खरं आहे. तुमच्यातली जी मुलं पत्र्याचा डबा पाठीला बांधून पोहायला शिकली, त्यांनी मला पाहिलेलं नसेल, म्हणून आधी सांगतो. पांगाऱ्याच्या वाळलेल्या लाकडाचे हातभर लांबीचे तीन ओंडके शेजारी शेजारी ठेवून दोरीनं आवळले, की झाला बिंडा. तो पोराच्या पाठीवर बांधायचा आणि पोराला विहिरीत टाकायचं. बिंडा बुडत नाही म्हणून पोर बुडत नाही. एवढंच माझं काम, आणि ते मी दोन पिढ्या केलं.

पांगाऱ्याला झाडांमध्ये मान नाही. जळायला घाला तर नुसता धूर, घराला घाला तर किडा लागतो, आणि अंगभर काटे. मी ज्या पांगाऱ्याचा, तो कऱ्हाडच्या खालच्या अंगाला जोतीराम नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर उभा होता. एका उन्हाळ्यात जोतीराम कुऱ्हाड घेऊन आला आणि त्यानं एक जाडजूड फांदी तोडली. ते घाव मला अजून आठवतात. मग त्यानं साल सोलली, काटे तासले, गोठ्याच्या माळ्यावर मला वर्षभर वाळत टाकलं आणि शेवटी लालबुंद सळईनं अंगातून आरपार भोकं पाडली. मोटेच्या जुन्या नाड्याचे, म्हणजे जाड दोराचे, पदर उकलून त्या भोकांतून ओवले. प्रेमानं घडवलं असं मी म्हणणार नाही, पण पक्कं घडवलं.

जोतीरामची शिकवायची रीतही तशीच होती. विहीर मोठी, चौकोनी, काळ्या दगडात बांधलेली. त्यानं थोरल्या मुलाच्या, हंबीररावच्या पाठीला मला बांधलं आणि काठावरून खाली ढकलून दिलं. पोरगं नाकातोंडात पाणी गेलेलं, खोकत वर आलं ते शिव्या देतच. बापानं वरूनच बजावलं, "पान्यात कुनी हात द्याला येत नसतंय. दमलास की भित धर. भित मानसाला बुडू देत न्हाई."

धाकट्या लालासाहेबाची पाळी आली तेव्हा तो काठावरच रडायला लागला. त्याला थोरल्यानंच मागून लाथ घातली. तोही खोकत वर आला, तोही धडपडत भिंतीला गेला आणि दगडांच्या खाचेत बोटं घालून लोंबकळत राहिला. विहिरीत हे बोलणं खरंच आहे. कुठंही असा, चार हातांवर भिंत असतेच. तिला धरून दम खायचा आणि पुन्हा सुटायचं. त्या घरात जो कोणी पोहायला शिकला, त्याच्या हाडात बापाचं ते वाक्य मुरलं होतं.

माझे ते दिवस मानाचे होते. उन्हाळा लागला की आळीतली सगळी पोरं मला मागायला येत. पोराला पक्कं पोहता येऊ लागलं, की त्या दिवशी विहिरीला नारळ द्यायचे आणि मला गूळ लावायचे. मग मी पुन्हा खुंटीवर जाई आणि रात्रभर मुंग्या माझ्या अंगावरून फिरत. पोर माझ्याशिवाय पाण्यात हुंदडतंय हे पाहून बरं वाटे आणि वाईटही वाटे, खोटं कशाला बोलू.

हंबीरराव मोठा झाला आणि पलटणीत गेला. एकाहत्तरच्या लढाईत तो पूर्वेच्या सरहद्दीवर होता. बरेच दिवस त्याची खुशाली कळेना, तेव्हा त्याच्या आईनं, अंबूबाईनं, आपल्या माहेरच्या देवीला नवस बोलला. ही देवी खाली कोकणात, गुहागरच्याही पुढं, समुद्राच्या कडेला दोन कड्यांच्या मधल्या पुळणीवर आहे. अंबूबाई म्हणाली होती, "माझा ल्योक धड परत आला, तर दोनी ल्योक जोडीनं तुझ्या पायावर घालीन, आन दर्याला नारळ दीन." हंबीरराव परत आला, हातीपायी धड आला आणि पेन्शन घेऊन घरी बसला. नवस मात्र तसाच राहिला, कारण जोडीनं जाण्यासारखे भाऊच उरले नाहीत.

त्याचं असं झालं. जोतीराम दुष्काळाच्या सालात वारला. विहीर दोघांत सामाईक राहिली. तिच्यावर विजेची मोटार बसली आणि पाण्याच्या पाळ्या ठरल्या, काही दिवस थोरल्याच्या उसाला, काही दिवस धाकट्याच्या. पण विजेला पाळी कोण शिकवणार? एकदा थोरल्याच्या पाळीत दिवसभर वीजच नव्हती, म्हणून त्यानं दुसरा दिवस ओढून घेतला. धाकट्यानं जाऊन पाटाचं दारं मोडलं आणि पाणी आपल्या सरीत वळवलं. झालं, काट्याचा नायटा झाला. हंबीररावच्या नाकावर राग पहिल्यापासून होताच. मी तेव्हा विहिरीच्या कठड्यावर वाळत पडलो होतो, म्हणून जे पाहिलं ते सांगतो. त्यानं टिकावाचा दांडा काढला आणि भावाच्या उजव्या हातावर घातला. भाऊ खाली पडल्यावर पुन्हा घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखीचा वाटला, कारण फांदी मोडतानाही तो तसाच येतो. लालासाहेब ओरडला नाही. पडल्या पडल्या त्यानं डाव्या हातानं दगड उचलला आणि भावाच्या कपाळावर हाणला. दोघांचं रक्त पाटात पडलं आणि पाण्याबरोबर उसात गेलं.

हात जुळला, पण कोपरात वाकडा जुळला. लालासाहेबाला त्यानंतर धड घास तोंडात घालता येईना, मग पोहणं कुठलं. घराच्या सोप्यात मधोमध पत्रे उभे राहिले, चुली दोन झाल्या आणि सख्ख्या भावांत उभा दावा सुरू झाला.

या भांडणात माझंही नुकसान झालं आणि अंजनाचंही. अंजना ही लालासाहेबाची एकुलती एक मुलगी. हंबीररावची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि हा तापट गडी या पोरीपुढं मेणाहून मऊ होई. गावात मुलींना कुणी पोहायला शिकवत नसताना त्यानं तिला मला बांधून विहिरीत उतरवलं होतं. ती निम्मी शिकली होती. हात छान मारी, पाय मात्र अजून खाली जात. भांडण झालं आणि लालासाहेबानं तिला ताकीद दिली की आण्णांच्या, म्हणजे थोरल्या चुलत्याच्या, वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. मी खुंटीवर गेलो. अंजना येता-जाता माझ्या दोरीला हात लावून जायची.

सत्त्याहत्तरच्या वैशाखात अंबूबाईनं ताट सरकवलं. "देवीनं तिचं काम केलं, ल्योक धाडला," ती म्हणाली. "आता नवस फिटल्याबिगर मी दोघांच्याबी चुलीवरचं खाणार न्हाई." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. म्हातारी उपाशी, आणि दोघे मुलगे पत्र्याच्या दोन बाजूंना गप्प. शेवटी ती उंबऱ्यात घेरी येऊन पडली, तेव्हा लालासाहेब उठून मानसिंगकडे गेला. मानसिंग गावातलाच, त्याची जीप होती. दोघा भावांचं बोलणंही मग मानसिंगमार्फतच झालं.

"तुझ्या त्या थोरल्याला सांग, पहाटं निघायचं हाय."

"धाकट्याला म्हनावं, मी कवाच तयार हाय."

दोघे एकमेकांपासून दहा पावलांवर उभे होते. मानसिंग बिचारा मधल्या मध्ये माना हलवत होता.

अंजनानं मला वाकळेत गुंडाळलं आणि आजीचं अंथरूण म्हणून जीपमध्ये टाकलं. एक भाऊ पुढं बसला, एक मागं. पाटण गेलं, कोयना गेली, कुंभार्ली घाटात गाडी गरगर फिरली आणि अंबूबाईला दोनदा उलटी झाली. उन्हं चढायच्या आत आम्ही त्या पुळणीवर पोचलो.

मित्रांनो, मी जन्मभर एका विहिरीचं पाणी पाहिलेलं लाकूड. ती जागा पाहून मी खुळावलोच. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाचे सरळ उभे कडे, मध्ये पांढऱ्या वाळूची पुळण, माथ्यावर माड, आणि कड्यांच्या कुशीत हिरवंगार पाणी. समोर काहीच नव्हतं, फक्त आभाळ. सगळी माणसं उतरून नुसती उभी राहिली. अंबूबाईनं पदर तोंडावर धरला. हंबीरराव कमरेवर हात ठेवून बघत होता, आणि कुणाला उद्देशून नव्हे, पण मोठ्यानं म्हणाला, "ही तर आपलीच इहीर हाय की. येक भित पडल्याली, येवढंच."

लालासाहेबालाही हसू आवरलं नाही. किती दिवसांनी ते दोघे एका गोष्टीला हसले होते. त्या हसण्यात कुणाच्या लक्षात आलं नाही की हे बोलणं किती चुकीचं आहे.

देवीच्या पायावर दोघांनी जोडीनं डोकं ठेवलं. जोडीनं नारळ धरून समुद्राला दिला. दोघांची बोटं नारळावर एकमेकांना लागली, पण कुणी हात मागं घेतला नाही. अंबूबाईनं प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि तिचे डोळे भरून आले. मग लालासाहेब तिला घेऊन देवळामागच्या झऱ्यावर गेला, आणि मानसिंग जीपखाली सावलीला आडवा झाला.

अंजनानं वाकळ सोडली. "आण्णा, बांदा की."

हंबीररावनं मला पाहिलं आणि तो हसायलाच लागला. "आबाला इचारलंस का?"

"आबा न्हाई म्हनतील."

"मग कशाला इचारतीस," असं म्हणून त्यानं मला तिच्या पाठीवर आवळलं. तिच्या पाठीची ऊब लागली आणि मला माझे जुने उन्हाळे आठवले. कमरेएवढ्या पाण्यात ती हात मारू लागली. दूर, जिथं ती चौथी भिंत नव्हती तिथं, एक म्हातारा कोळी लहान होडीत जाळं ओढत होता. तो उभा राहून दोन्ही हात हलवू लागला. हंबीररावला वाटलं, रामराम करतोय. त्यानंही हात वर केला.

तेवढ्यात लालासाहेब झऱ्यावरून परतला आणि जागीच थबकला.

"अंजे, भायेर ये."

"येईल की," हंबीरराव म्हणाला. "जरा हात मारू दे पोरीला."

"मी पोरीला बोलतोय. तुला न्हाई."

"अंजे, हितंच थांब, आलोच," असं सांगून हंबीरराव पाण्याबाहेर निघाला. त्यानं तिला बरोबर आणलं असतं तर आज माझ्याकडे तुम्हाला सांगायला काही नसतं. पण धाकट्याचं ऐकून पोरगी बाहेर काढली असं त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

"हात मोडलास माझा," लालासाहेब म्हणाला. "आता पोरगी बुडीव."

"दारं कुनी मोडलं हुतं आधी? तोंड सांबाळून बोल."

लालासाहेबानं डाव्या हाताची मूठ त्याच्या तोंडावर मारली. ओठ फुटला. हंबीररावनं रक्त थुंकलं आणि भावाला कमरेला धरून वाळूत आपटलं. नवस फिटून अजून घटकाही झाली नव्हती. देवीच्या पुढ्यात दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या छाताडावर बसत होते, गळे धरत होते, वाळू तोंडात कोंबत होते. हंबीररावनं तो वाकडा हात धरला आणि पिरगाळला, तेव्हा लालासाहेबाच्या तोंडून जनावरासारखा आवाज आला. त्यानं थोरल्याच्या दंडाचा चावा घेतला, सोडला तेव्हा तोंड लाल झालं होतं. अंबूबाई धावत आली, मध्ये पडली, आणि कुणाचं तरी कोपर तिच्या छातीत बसलं. ती वाळूत बसली ती बसलीच, तिला श्वास घेता येईना.

आणि इकडं, मित्रांनो, पाणी चाललं होतं. मी पाण्यावर होतो, म्हणून मला आधी कळलं. विहिरीचं पाणी कुणाला ओढत नाही. हे ओढत होतं. ओहोटी लागली होती, आणि कड्याच्या कडेकडेनं पाण्याची एक धार समुद्राकडे पळत होती. अंजनाच्या पायाखालची वाळू सरकली, पाय सुटले. तिनं हात मारले, पण ती मागं मागं जाऊ लागली.

"आण्णा," तिनं हाक मारली. मग, "आबा." मग दोघांनाही. ती घाबरली होती, तरी स्पष्ट हाका मारत होती. तिला पुळणीवरची दोन माणसं दिसत होती. एकमेकांत गुंतलेली ती माणसं मान वळवत नव्हती.

हात दमले तेव्हा तिनं तेच केलं जे त्या घरातल्या कुणीही केलं असतं. ती भिंतीकडे वळली. कडा फार लांब नव्हता. तिनं सगळा जीव एकवटून तिकडं हात मारले, आणि मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो, कारण कड्याशी काय चाललंय ते मला ऐकू येत होतं. विहिरीची भिंत शांत असते. समुद्राच्या भिंतीवर प्रत्येक लाट येऊन फुटते. त्या कातळावर कालवांचे शिंपले चिकटलेले होते, हजारो, एकेकाची कड पात्यासारखी. लाटेनं अंजनाला उचललं आणि कातळावर फेकलं. तिनं खरोखरच बोटं खाचेत घातली, शिकवल्याप्रमाणे, आणि लाट मागं फिरताना बोटांची कातडी तिथंच राहिली. दुसऱ्या लाटेनं तिला उलटं करून फेकलं. या वेळी मध्ये मी होतो. माझा कडेचा ओंडका कातळावर आदळला आणि उभा चिरला. पोरीच्या तोंडात पाणी गेलं आणि हाका बंद झाल्या.

तेव्हा कुठं अंबूबाईला श्वास घेता आला आणि तिनं पाण्याकडे बोट दाखवलं. "पोरगी," एवढंच ती म्हणाली.

हंबीररावनं भावाच्या छातीवरून उडी मारली ती सरळ पाण्यातच. तो कसलेला पोहणारा होता. धारेबरोबर तो झपाट्यानं आला, त्यानं पोरीला धरलं आणि तोही भिंतीलाच गेला. त्याच्याही हाडात तेच वाक्य होतं. त्यानं पाठ कातळाला लावली, पोरीला पुढून छातीशी धरलं आणि बोटं मागच्या भेगेत रुतवली. मग लाटा येऊ लागल्या. प्रत्येक लाट आम्हाला कातळावर ठोकत होती आणि प्रत्येक वेळी त्याची पाठ कालवांवरून खरवडली जात होती. पाणी लाल होई, वाहून जाई, पुन्हा लाल होई. तरी तो सोडत नव्हता. "भित हाय, पोरी," तो म्हणत होता. "भित धरलीया. काय होत न्हाई."

कोळी होडी घेऊन जमेल तेवढा जवळ आला होता. त्याहून पुढं आला असता तर होडीचेच तुकडे झाले असते. तो घसा फोडून ओरडत होता, "कातळ सोडा. भायर या, भायर." हंबीररावच्या कानात पाणी आणि गर्जना, त्याला काही कळत नव्हतं. पण लालासाहेब कड्यावरून धावत बरोबर आमच्या डोक्यावर आला होता. त्याच्या ओठांवर अजून रक्त होतं. तो कड्याच्या कडेला पालथा पडला, धड हात खाली सोडला, पण पुरुषभर अंतर उरलं. कोळ्याचं बोलणं त्याला कळलं.

"दादा, भित सोड."

भांडणानंतर त्यानं पहिल्यांदाच दादा म्हटलं. हंबीररावनं वर पाहिलं. "येडा झालास काय? भित सोडली की बुडाली पोरगी."

"न्हाई बुडत. भायेर पानी संथ हाय. होडी हाय. सोड."

"बानं काय सांगितलं हुतं? भित धरायची."

पुढच्या लाटेनं माझा चिरलेला ओंडका तोडला आणि तो कातळावर आपटत निघून गेला. पोरीचं डोकं एका बाजूला लवंडलं. हंबीररावच्या पाठीतून कसला तरी आवाज आला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ती माझी पोरगी हाय," लालासाहेब वरून म्हणाला. "तिचा बा मी हाय. मी सांगतोय, दादा. सोड."

मित्रांनो, या माणसानं जन्मात धाकट्याचं ऐकलं नव्हतं. लाट मागं फिरली तशी त्यानं भेगेतली बोटं काढली, दोन्ही पाय कातळाला लावले आणि जीव खाऊन भिंतीला लाथ मारली. आम्ही त्या पळत्या धारेत पडलो आणि ती आम्हाला बाहेर घेऊन गेली. कड्यापासून सुटलो मात्र, आणि पाणी एकदम सावकाश झालं, नुसतं वर-खाली होऊ लागलं. म्हाताऱ्या कोळ्यानं माझ्या दोरीत हात घातला आणि अंजनाला ओल्या जाळ्यासारखं होडीत ओढून घेतलं. तिला पालथी घालून त्यानं पाठीवर थापट्या मारल्या. पाणी पडलं, मग ती खोकली, मग रडली. हंबीरराव होडीची कड धरून तरंगत होता. त्याला वर चढायला पाय हलवता येत नव्हते.

चिपळूणला डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्या, पोरगी वाचली म्हणाले आणि हंबीररावला कऱ्हाडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. जीप घाट चढू लागली. हंबीरराव मागच्या बाकावर पालथा होता. वळणावर तो खाली पडू नये म्हणून लालासाहेब खाली बसून डाव्या हातानं त्याला धरून होता. अंजना आजीच्या मांडीवर, दोन्ही तळहात पट्ट्यांत. मी तिच्या पायाशी, उरलेल्या दोन ओंडक्यांचा.

घाटात ती म्हणाली, "आण्णा, मी लय हाका मारल्या."

जीप वळणावर कलली, लालासाहेबानं भावाला घट्ट धरलं.

"आबा, तुमास्नीबी मारल्या. तुमी दोघं मारामारी करत हुतासा, म्हनून ऐकू आलं नसंल."

तक्रार म्हणून ती हे बोलली नव्हती. ती त्यांचीच बाजू घेत होती. समुद्राचा आवाज मोठा, अंतर लांब, कसं ऐकू येणार, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. दोघांपैकी एकानं नुसतं हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

हंबीररावनं बाकावर टेकलेलं तोंड तिच्याकडे वळवलं. "आलं हुतं, पोरी," तो म्हणाला. "पयलीच हाक ऐकू आली हुती. म्हनलं, आनी येक ठिवून देतो, आन मग जातो."

मानसिंगनं गाडीचा वेग कमी केला. लालासाहेब जीपच्या पत्र्याकडे बघत होता.

"मलाबी आलं हुतं," तो म्हणाला.

अंबूबाईनं नातीचे कान झाकले, पण बोलणं होऊन गेलं होतं. अंजना दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. रडली नाही.

गावात माझा मोठा बोलबाला झाला. बिंड्यानं पोरगी तारली म्हणून बायकांनी मला हळदकुंकू लावलं. मी लाकूड, मला बुडता येत नाही म्हणून तरंगलो, त्यात कसला पराक्रम? हंबीररावलाही लोक डोक्यावर घेत, तेव्हा तो काठी टेकत उठून निघून जाई. त्याची कंबर कायमची अधू झाली. एकाचा हात गेलेला, एकाची कंबर, दोघा भावांत मिळून एक धड गडी होतो असं गाव म्हणतं. मधले पत्रे निघाले. पाळ्या मात्र आहेत, वीज अजून जाते आणि अधूनमधून आवाजही चढतात. माणसं काही एका दिवसात देव होत नाहीत. मी गोठ्यात खुंटीवर आहे. माझ्या एका ओंडक्यात कालवाच्या शिंपीचा तुकडा रुतलाय, तो कुणी काढला नाही. आता आळीतली पोरं डबे बांधून पोहतात, मला कुणी मागत नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही.

दुःख आहे ते अंजनाचं. खुंटीवरून मला अंगण दिसतं, म्हणून रोज बघतो. घरात, आळीत, पाटावर, कुठंही दोन मोठ्या माणसांचे आवाज चढले, की ती हातातलं काम टाकून बाहेर पळते. विहिरीत डोकावते. गोठ्यामागं बघते, ओढ्यापर्यंत जाऊन येते. आळीतली लहान पोरं एकेक करून मोजते. सगळी सापडली की मगच घरात येते. भांडणाऱ्यांकडे ती बघतही नाही.

तर मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही, मी चुलीत गेलो तरी चालेल. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमचेही हात शिवशिवतील, आणि कदाचित तुमची बाजू खरीसुद्धा असेल. तेव्हा मागून कुणी हाक मारली, तर उगारलेला हात तिथंच सोडा आणि धावा. आणखी एक ठेवून मग जातो, असं म्हणू नका. तेवढ्या वेळात पाण्यात काय होतं, ते मी तिच्या पाठीवर बसून पाहिलं आहे.